येथे काही वाया जात नाही

माझी नात कॉलेजातून बांबूचा टूथब्रश घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, आता आपण घरात सगळं सस्टेनेबल करायचं."

मी म्हटलं, "बाळा, तो आजार मला होऊन गेलाय. गोवरासारखा असतो. एकदा अंगभर उठला की पुन्हा होत नाही."

तिला माझी गोष्ट ऐकायची होती. सांगितली. पण शेवटचा तुकडा गिळला. तो इथे लिहिते.

मी तेव्हा पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. आता मला ते पोरवय वाटतं. शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी मुदतीआधी सोडली होती, गुडघे शाबूत होते, अक्कल यायची होती. त्या दिवसांतला माझा एक फोटो आहे. हातमागाची साडी, रुपयाएवढं कुंकू, कानांत मातीचे लोंबते डूल, आणि चेहऱ्यावर असा भाव की देव पृथ्वी माझ्या पदरात टाकून सुट्टीवर गेलाय. ती बाई आज मला पनवेलच्या बाजारात दिसली तर मी मटार न घेता दुसऱ्या गल्लीत वळेन.

पनवेलजवळचं विचुंबं गाव मागे टाकून नदीच्या अंगाने आत गेलं की माझ्या सासऱ्यांची भात भरडायची गिरणी होती. कधीची बंद पडलेली. वर पत्रे, जाड भिंती, मागे तुसाचा ढीग, पुढे मोठं अंगण आणि त्यापुढे शेत. विमानतळ येणार, येणार अशी हवा होती. ज्याच्याकडे तुळशीवृंदावनापुरती जागा होती त्याच्याकडेही बिल्डरचा माणूस पेढे घेऊन जात होता. आमच्याकडेही आला. मुलाने पेढा खाल्ला. मी पेढ्याला हात लावला नाही आणि जाहीर केलं की गिरणीत मी प्रायोगिक संगीताचं आणि कलांचं केंद्र काढणार. तेही निसर्गाला नखभर धक्का न लावता.

"आई, प्रायोगिक संगीत म्हणजे काय?" मुलाने विचारलं.

"ते ऐकल्यावर कळतं," मी म्हणाले. ऐकल्यावरही कळत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमचे हे कारखान्यात कामगार अधिकारी होते. मालक आणि युनियन यांच्यामध्ये बसून चहा पिण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी घरातही तसाच तोडगा काढला. "येती होळी सोडून त्यापुढच्या होळीपर्यंत गिरणी एकदा तरी भरली पाहिजे. गच्च. आणि आपली माणसं धरायची नाहीत. मामेबहिणी, भिशीवाल्या, शाळेतल्या बाया, सगळ्या वजा. भरली तर गिरणी राहील. नाही भरली तर पेढे."

मुलाने मान्य केलं. मीही केलं. दोन हिवाळे हातात होते. मला वाटलं, दोन हिवाळ्यांत मी अख्खं पनवेल सुधारीन.

सुरुवात भिंतींपासून केली. आवाज घुमू नये म्हणून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे गोळा करून गिरणीला आतून चिकटवले. स्वस्त, टिकाऊ, पुनर्वापर. मुंग्यांनाही ते पटलं. वर सौर पॅनेल बसवले. त्यांवर चार दिवे आणि एक छोटा स्पीकर चाले, आभाळ आलं की दोनच दिवे चालत आणि स्पीकर खोकत असे. म्हणून मी एक सायकल आणली आणि तिला डायनामो जोडून घेतला. श्रोत्यांनी आळीपाळीने पेडल मारायचं आणि त्यावर संगीत वाजायचं. एकदा एका जाडजूड काकांना अर्ध्यात दम लागला आणि वाजणारं सगळं कण्हत कण्हत बंद पडलं. कलाकार म्हणाला, हाच या रचनेचा गाभा आहे. काका म्हणाले, मला पाणी द्या.

पाण्याच्या बाटल्या मात्र मी फाटकावरच काढून घेत असे. फाटकावर पाटी होती. गाड्या आणू नका, एसटीने या, उरलेलं चाला. लोक गाड्याच आणत, पण लाजून लांब लावत. आत आम्ही दोन दिव्यांत पृथ्वी वाचवत असू आणि बाहेर ड्रायव्हर लोक एसी चालू ठेवून गाणी ऐकत असत. खरं सांगायचं तर बाहेरची गाणी बरी असायची.

आणि मग माझा अभिमान. कोरडा संडास. पाण्याचा थेंब नाही. गेल्यावर डब्यातलं तूस वरून टाकायचं, झाकण लावायचं, बाहेर यायचं. खाली दोन खड्डे, एक भरला की बंद करून मुरवायचा. गिरणीमागे तुसाचा ढीग पडलेलाच होता, तेव्हा मला वाटलं सासऱ्यांनी तो याच दिवसासाठी राखून ठेवला असणार. दारावर मी स्वतःच्या हाताने सुंदर वळणात रंगवलं, 'येथे काही वाया जात नाही.' येणाऱ्या प्रत्येकाला मी तो संडास दाखवत असे, जसं लोक देवघर दाखवतात. ह्यांनी एकदा आत जाऊन आल्यावर एवढंच म्हटलं, "तुझी पाटी वाचून माणसाला जबाबदारीची भीती वाटते. होत नाही."

आता शेजारीण. आमच्या फाटकापर्यंत येणारी वाट तिच्या खळ्यातून यायची, त्यामुळे पहिला सलाम तिला. तिचं दोन मजली गुलाबी घर, गच्चीवर सिमेंटचे दोन सिंह, दारात स्वतःचा पाण्याचा टँकर, गळ्यात सोनं. जमीन विकून झालेली श्रीमंती तिने लपवली नव्हती आणि माझी खादी बघून तिला माझी काळजी वाटायची. मी तिला वहिनी म्हणायची, ती मला मास्तरीनबाय.

पहिल्याच कार्यक्रमाला एक दाढीवाला मुलगा पत्र्यावर चमचा घासत होता. ती खळ्यातून धावत आली. "मास्तरीनबाय, मशीन बिगडलं का काय? यवढा कर्र कर्र?"

"वहिनी, संगीत आहे ते."

ती दारात उभी राहून जरा वेळ ऐकत राहिली. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "पोराच्या आयशीला म्हायती हाय?"

संगीताला माणसं येत नव्हती हे मी स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हते. पहिल्या हिवाळ्यात शेवटी माणसं आली ती पोपटीला. आमच्याकडे थंडीत शेतातच पोपटी लावतात. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, बटाटे, अंडी, कुणी कोंबडीही भरतं. तोंड पाल्याने बंद करून मडकं पालथं घालायचं आणि वर पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. तेलाचा थेंब नाही, भांडी नाहीत, ताटाऐवजी पानं. मी छातीवर हात ठेवून म्हणाले, "अगदी माझ्या तत्त्वांप्रमाणे!" जणू काही तत्त्वं आधी आली आणि पोपटी मागाहून.

पोपटी लावायची शेजारणीनेच, तिच्या दोन जावांना घेऊन. लाकडं ओली निघाली की ती म्हणायची, "थांबा, दोन बाटल्या टाकते, लगेच पेटंल," आणि प्लास्टिकच्या बाटल्या शोधायला लागायची. मी तिच्या हाताला धरायची. आमची दोघींची झटापट हा कार्यक्रमाचा सर्वांत प्रायोगिक भाग असायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे.

पावसाळ्याआधी पहिला खड्डा बंद केला होता. भात कापून झाल्यावर उघडला. काळंभोर, भुसभुशीत, वासाचं नाव नाही. मी ते हातात घेऊन ह्यांच्या नाकाशी नेलं. त्यानंतर चार दिवस हे माझ्या हातचं जेवताना आधी माझे हात बघत होते. ते खत मी शेताच्या एका तुकड्यात घातलं आणि तिथे वाल पेरला. वाल असा माजला की बघत राहावं. शेजारीण बांधावर उभी राहून म्हणाली, "माती सोन्यावानी झाली गो. काय घातलाव?"

"खत."

"कसला?"

"घरचं."

"बरा हाय," ती म्हणाली आणि मूठभर माती वास घेऊन परत टाकली. तिथेच मी सांगायला हवं होतं, पण मला ते असं बांधावर, एका बाईला सांगून वाया घालवायचं नव्हतं. मला माइक हवा होता.

दुसऱ्या हिवाळ्यातली मोठी पोपटी होळीच्या थोडी आधी ठेवली. माणसं ओळखीपाळखीतून कळून आली. मुंबईची आली, खारघरच्या नव्या इमारतींतली आली. आधी अंगणात पोपटी, मग सगळ्यांनी गिरणीत जायचं आणि दाढीवाल्याची नवी रचना ऐकायची. या खेपेला त्याचा पत्रा सुटला होता आणि त्याला शांतता हवी होती. संपूर्ण शांतता, माणसांनी मिळून केलेली. दोन हिवाळे तो ती मिळवायचा प्रयत्न करत होता, पण नेमका कुणीतरी खोकायचा, नाहीतर कुणाचा तरी फोन नागीण वाजवायचा.

उन्हं कलली तसं अंगण भरलं. मुलगा फाटकात उभा राहून नातेवाईक वजा करत होता. वजा करूनही उरत होते. त्याचा चेहरा पडलेला बघून माझा उजळला. हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आता फक्त गप्प राहा. माणसं जेवतील, आत जातील, झालं."

मडकी उघडली होती. शेजारणीने पाण्याचा शिपका मारून बघितला, चर्र झालं, म्हणजे शिजलं. तिने पहिली शेंग स्वतः चाखली. "साखर हाय," ती म्हणाली. पानं वाटली. शेंगा वाटल्या. आणि मी सायकलवर एका धडधाकट मुलीला बसवलं, माइक हातात घेतला आणि गप्प राहिले नाही.

मी म्हणाले, "मित्रहो, आज एक चक्र पूर्ण होतंय. गेल्या हिवाळ्यात तुमच्यापैकी अनेकांनी आमच्या कोरड्या संडासाला जे दिलं, तेच आज या शेंगांच्या रूपाने तुमच्या पानात परत आलंय."

शांतता झाली. अशी की सायकलची साखळी ऐकू येत होती. मग ती मुलगीही पेडल मारायची थांबली. दाढीवाल्याचे डोळे भरून आले. तो पुटपुटला, "हेच. हेच मला हवं होतं."

ती शांतता शेजारणीने मोडली. "म्हंजी काय गो?"

तिच्या जावेने तिला तिच्या भाषेत दोन शब्दांत सांगितलं. मी भाषणात इतके शब्द उगाच घातले होते. शेजारणीने तोंडातलं थुंकलं, हातातलं फेकलं, जावांना घेऊन टँकरकडे गेली आणि तिघींनी टँकरचा नळ सोडून कोपरापर्यंत हात धुतले. धूत राहिल्या. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही. थोड्या वेळाने खळ्यातून ओरडली, "सगल्यांनी आपल्या गाड्या काढा. वाट बंद होतंय."

आता माझे शहरी पाहुणे. कोरड्या संडासाच्या दारात उभं राहून फोटो काढणारे, 'मातीचं मातीला' म्हणणारे. एका बाईंना एकदम आठवलं की आज त्यांची चतुर्थी आहे. एका गृहस्थांना वाल बाधतो. एकाने शेंगेचा फोटो काढला, अंगठा दाखवला आणि शेंग अलगद पानाखाली सरकवली. सगळे अतिशय नम्रपणे, मला नमस्कार करत, फाटकाकडे सरकले. गिरणीत कुणीच गेलं नाही. आमचे हे तेवढे ओट्यावर बसून शेंगा सोलून खात होते. मी आशेने बघितलं. म्हणाले, "मीठ कमी आहे."

 पेढे कुठले चांगले, एवढंच मुलाने त्या आठवड्यात दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी खळ्याच्या तोंडाशी बाभळीचे काटे टाकलेले होते. वाट नाही, पोपटी नाही, म्हणजे माणसं नाहीत, आणि होळी तोंडावर. मी बांधावरून ढेकळं तुडवत तिच्या घरी गेले. ती ओट्यावर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत होती. चहा विचारला नाही, त्यावरून कळलं की प्रकरण किती चिघळलंय.

मी मूर्ख, शास्त्र सांगायला लागले. जंतू कसे मरतात, माती कशी बनते. मग माझं ठेवणीतलं काढलं. "वहिनी, रेल्वेच्या रुळांच्या कडेला गटाराच्या पाण्यावर भाजी पिकते. ती बाजारात येते, आपण दोघी खातो."

"खातंय ना," ती म्हणाली. "कोन माइक घेऊन सांगतंय काय? म्हायती नाय तवर पोटात जातं. म्हायती झाला का डोक्यात जातं."

"पण चुकीचं काही नव्हतं त्यात."

तिने करंदी खाली ठेवली. "मास्तरीनबाय, त्यांना माइकवर सांगितलाव. मना बांधावर इचारलं तवा 'घरचं' म्हनालात. हात कोनाचे व्हते त्या शेंगांत? तुमचे?"

मी शास्त्र सोडलं आणि तिच्यापुढची मूठभर करंदी सोलायला घेतली.  तिने मला ती सोलू दिली आणि मग स्वतःच्या कामाचं काढलं. ती काही नुसती रागवायला बसली नव्हती. तिच्या पाड्याच्या होळीचं मैदान बिल्डरने पत्रे ठोकून बंद केलं होतं. पोरं म्हणत होती रस्त्यावर लावू. तिला ते मान्य नव्हतं, होळीला अंगण लागतं. "तुमचा अंगन द्या. दर साल."

"घ्या ना," मी म्हणाले.

"बाजा वाजंल."

"मोठ्याने?"

"मंग काय, तुमच्या सायकलीवर वाजवू? जनरेटर येल. डीजे येल. गप बसा म्हनाचा नाय."

माझ्या डोळ्यांपुढून पाट्या गेल्या. डिझेल नको, लाऊडस्पीकर नको, लाकूड जाळू नका. मी मान हलवली. ती मान माझी होती, पण हलवली कुणी हे मला आजही सांगता येणार नाही.

"आनि ती तुमची माती," ती म्हणाली. "शेतात नाय घालाची."

"आंब्याला घालीन."

"लोनचं घालता तुमी. मना देता."

"मग झेंडूला."

"देवाला वाहाल?" तिने डोळे वटारले.

"बांबूला?"

तिने विचार केला. "बांबूला चालंल. पन पावसात भाजीला कोंब तोडाचे नाय." मग घरात वळून ओरडली, "गो, चाय टाक."

होळीच्या दिवशी तिन्हीसांजेला अख्खा पाडा माझ्या अंगणात होता. एरंड मधोमध उभा, भोवती लाकडं, नारळ, नैवेद्य, नटलेल्या बाया. मला वाटलं होतं डीजे अंगणात लागेल. पण पोरांना मोठमोठे स्पीकर ठेवायला छप्पर हवं होतं, ते त्यांनी थेट गिरणीत नेऊन लावले. पहिला ठोका पडला आणि अंड्यांचे ट्रे भिंतींवरून पानगळीसारखे खाली आले. माणसं आत शिरली ती शिरतच राहिली. म्हाताऱ्या, पोरं, सुना, शेजारणीच्या जावा, आणि मधोमध दाढीवाला, ज्याला शांतता हवी होती, तो डोक्यावर हात घेऊन नाचत होता.

मुलगा आला तो बिल्डरच्या माणसाला सोबत घेऊन. मुदत संपली होती ना. दोघांना आत शिरता येईना. हे दारातल्या पिंपावर बसले होते. त्यांनी मुलाला वर ओढून घेतलं आणि कानात ओरडून विचारलं, "बघ, आपलं कुणी दिसतंय?"

मुलाने बघितलं. "नाही."

"आणखी एक माणूस आत जाईल?"

तेवढ्यात बिल्डरच्या माणसाला कुणीतरी हाताला धरून आत ओढलं. तो गेला. "हा शेवटचा," हे म्हणाले. "भरली."

"बाबा, याला संगीत केंद्र म्हणतात?"

"तू मागे पत्रा ऐकलास तेव्हा हा प्रश्न नाही विचारलास."

मुलाने त्यानंतर पेढ्याचं नाव काढलं नाही. ह्यांचा तोडगा मोडायची आमच्या घरात रीत नाही. मी अंगणात कानांत बोटं घालून उभी होते. माझ्या तत्त्वांमधलं एकही शिल्लक नव्हतं आणि गिरणी शिल्लक होती.

ती आजही आहे. हिवाळ्यात चार कार्यक्रम होतात, पोपटीचा वाल शेजारीण तिच्या शेतातून आणते, होळीला डीजे येतो. सौर पॅनेल चालू आहेत, पण त्यांच्यावर ती करंदी वाळवते, कारण तिच्या मते त्यांचा खरा उपयोग तोच आहे. संडासाची पाटी मी उतरवली. संडास आहे. आता लोकांना होते.

एवढं मी नातीला सांगितलं, फक्त ती माती बांबूला जाते हे वगळून. गिळलं ते तेवढं आणि हे.

बांबूचं बेट अफाट वाढलं. दाढीवाला दर वर्षी येऊन त्यातला एखादा हिरवा सोट तोडून नेतो, वाळवतो, भोकं पाडतो आणि ओठांना लावून वाजवतो. तो आता नावाजलाय. मागच्या थंडीत पोपटीपाशी बसून मला म्हणाला, "मावशी, असा गोड बांबू मला कुठेच मिळत नाही. काय आहे हो या मातीत?"

मी शेजारणीकडे बघितलं. शेजारणीने माझ्याकडे. मी तोंड उघडलं तशी तिने माझ्या मांडीला चिमटा काढला.

"पानी बरा हाय हितला," ती म्हणाली.

त्याने डोळे मिटले, ओठ लावले आणि फुंकर घातली. खरंच गोड वाजतो.

माझी नात आज सकाळपासून त्याच बेटात शिरून बसलीय. दुकानातला ब्रश दुरून येतो म्हणे, ते पर्यावरणाला बरं नाही, म्हणून घरच्या बांबूचे ब्रश करणार आहे. माझ्यासाठीही एक. हे लिहिलेलं ती कधीतरी वाचेलच. तोवर मी दातांना राखुंडी लावतेय.